मीठ, भात आणि नाका



‘शेजारी देशांतील व्यापार आणि त्यांची साधनसंपत्ती’ असा भारदस्त विषय चालकांनी आमच्या पदरात टाकला, तेव्हा अर्थशास्त्राचे प्राध्यापक सोडून हे काम कामगार संघटनेच्या माणसाकडे का, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते रास्तच आहे. आमचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयांत आणि मालकांशी चालणाऱ्या वाटाघाटींत झाले. पदवी आमच्यापाशी नाही. पण हा विषय समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. भाईंदर पूर्वेच्या वेशीवर जी जिन्नस पिढ्यान्‌पिढ्या पिकली, तिच्या इतिहासात तो बहुतेक सगळा आला आहे. ती जिन्नस म्हणजे मीठ.

आमचे म्हणणे आरंभीच थोडक्यात सांगतो. निसर्गाने एका मुलुखाला एक दिले आणि शेजारच्या मुलुखाला दुसरे दिले, हा काही अन्याय नव्हे. त्यातून देवघेव होते आणि देवघेवीतून शेजारधर्म वाढतो. भांडण उत्पन्न होते ते मालापाशी नव्हे, नाक्यापाशी. नाका कोणाच्या हातात आहे, आणि करार करताना राबणाऱ्या माणसाला कोणी विचारले होते काय, या दोन प्रश्नांवर व्यापाराचे बरेवाईट ठरते. आमच्या वसईच्या खाडीचा गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हे सहज पटेल.

प्रथम मिठाविषयी. समुद्राचे पाणी आणि ऊन असले की मीठ झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. भरतीचे पाणी आत घेता येईल अशी सखल खाजण जमीन हवी, पाणी मुरू न देणारी चिकण माती हवी, आणि पावसावाचून सलग सहा-सात महिने हवेत. या तिन्ही गोष्टी आमच्या खाडीकाठी आहेत. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करावयाचे, भरतीचे पाणी मोठ्या तळ्यांत घ्यावयाचे, तेथून ते एकाहून एक उथळ वाफ्यांत फिरवून घट्ट होऊ द्यावयाचे, वाफ्याचा तळ पायांनी तुडवून टणक करावयाचा, आणि मिठाचे दाणे धरू लागले म्हणजे ते लाकडी फळीने ओढून काठावर ढीग लावावयाचे. आगरी कुटुंबांनी आणि पालघर-डहाणूकडून येणाऱ्या आदिवासी स्त्री-पुरुषांनी हे काम पायांना भेगा पडेपर्यंत केले आहे.

दख्खनच्या पठारावर ऊन भरपूर, पण समुद्र नाही. बंगालला समुद्र आहे, पण हवा दमट आणि खाडीच्या पाण्यात गंगेचे गोडे पाणी मिसळलेले. म्हणून तेथले मलंगी लोक लाकडे जाळून मीठ आटवीत. इंग्लंडात चेशायर परगण्यात जमिनीखाली मिठाचे थर आहेत, पण ऊन नाही. शेजारच्या लँकेशायरचा कोळसा जाळून तेथे मीठ तयार होई. साधनसंपत्तीतील फरक म्हणतात तो हाच.

अशा फरकातून दोन्ही पक्षांचा फायदा कसा होतो, हे डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली मांडले. त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ठरावीक कापड काढण्यास इंग्लंडात वर्षभर १०० माणसे लागतात आणि ठरावीक द्राक्षांची दारू काढण्यास १२०. पोर्तुगालात त्याच कापडाला ९० माणसे पुरतात आणि त्याच दारूला ८०. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस. तरीही पोर्तुगालाने दारू करावी, इंग्लंडाने कापड करावे आणि अदलाबदल करावी. तसे केल्यास इंग्लंडची २० माणसांची मेहनत वाचते आणि पोर्तुगालची १० माणसांची.

हे गणित आम्ही कागद-पेन्सिल घेऊन अनेकदा करून पाहिले आहे. ते बिनचूक आहे. पण त्यात दोन गोष्टी धरलेल्या नाहीत. कापडावरची ती ९० पोर्तुगीज माणसे द्राक्षांच्या मळ्यात केव्हा जातात, कोणत्या मजुरीवर जातात आणि मधल्या काळात काय खातात, याचा हिशेब त्यात नाही. आणि दोन देशांच्या मध्ये जकातीचा नाका उभा असतो, हेही त्यात नाही. वास्तविक त्या दोन देशांतला व्यापार १७०३ सालच्या मेथुएन तहाच्या आधाराने वाढला होता. पोर्तुगालने इंग्रजी लोकरी कापडाला दार उघडावे आणि इंग्लंडने पोर्तुगीज दारूवर फ्रेंच दारूपेक्षा एक-तृतीयांश कमी जकात घ्यावी, असा तो करार होता. म्हणजे गणिताच्या आधी नाका होताच.

मौज अशी की, रिकार्डोने उदाहरणासाठी घेतलेली हीच दोन राष्ट्रे त्याच्या पुस्तकाच्या दीडशे वर्षे आधी आमच्या या साष्टी बेटाच्या आसपास एकमेकांची शेजारी झाली होती. येथे त्यांच्यात काय चालले ते पाहू.

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. भाईंदर हे या साष्टीच्या उत्तर टोकाचे गाव. पोर्तुगीजांना या मुलुखात भात मिळाला, बांधकामाचा दगड मिळाला, जहाजांसाठी लाकूड मिळाले. येथला तांदूळ गोव्यापर्यंत जाई. पुढे १६६१ सालच्या तहाने पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला आंदण मिळाली. गोव्याच्या व्हाइसरॉयला ते पसंत नव्हते. इंग्रजांनी मुंबईत पाय रोवला की हिंदुस्थान हातचा गेला, असे त्याने आपल्या राजाला कळविले. तरीही १६६५ च्या फेब्रुवारीत हंफ्री कुक याने बेटाचा ताबा घेतला, आणि १६६८ साली राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड खंडावर देऊन टाकले.

आता या दोन शेजाऱ्यांची पुंजी मांडून पाहा. इंग्रजांच्या मुंबईला उत्तम खोल बंदर होते, नारळ होता, मासळी होती. पण वाढत्या वस्तीला पुरेल इतका भात नव्हता आणि लाकूडही नव्हते. पोर्तुगीजांच्या साष्टी-वसईत भात होता, गुरे होती, लाकूड होते. रिकार्डोच्या हिशेबाने दोघांचे उत्तम जमावयास हवे होते. पण मुंबईचे बंदर मुख्य भूमीला जोडणाऱ्या दोन पाणवाटा, एक ठाण्याची आणि दुसरी करंजाची, पोर्तुगीजांच्या हातात राहिल्या होत्या. कल्याण-भिवंडीकडून मुंबईला जाणाऱ्या गलबतांकडून ते तेथे जकात घेऊ लागले. जेरॉल्ड आँजियर मुंबईचा कारभार पाहत असता त्याने याविरुद्ध पुष्कळ खटपट केली. तक्रार लंडनपर्यंत जाऊन तेथून लिस्बनच्या दरबारी गेली. पण नाका हलला नाही. कधी जकातीवरून तंटा होई, कधी धान्याची वाटच अडविली जाई. पोर्तुगीजांनी घर आंदण दिले खरे, पण अंगणाची किल्ली आपल्या कनवटीला ठेवली.

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पाने वसई जिंकली. भाईंदरच्या पश्चिमेला डोंगरीच्या बाजूस असलेला धारावीचा किल्ला याच मोहिमेत मराठ्यांकडे आला. या पराक्रमाची वर्णने आपण लहानपणापासून ऐकली आहेत. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर नाक्यावरचा धनी बदलला. इंग्रज सावध होते. त्याच वर्षी जुलैत त्यांनी मराठ्यांशी तह करून आपल्या व्यापाराची सोय करून घेतली. पण मुंबई वाढत होती. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले, जहाजे बांधली जाऊ लागली आणि सागवानाची गरज वाढली. शेजाऱ्याच्या मर्जीवर धान्य आणि लाकूड मिळविणे कंपनीला सोसेना. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. मालासाठी शेजाऱ्याशी सौदा करण्याऐवजी शेजारच ताब्यात घेणे, ही साम्राज्याची रीत येथे आमच्या दारात घडली.

मग एका राज्याखाली आल्यावर नाके उठले काय? १८३७ साली मुंबई इलाख्यातील वाटेवरच्या पुष्कळशा जकाती रद्द झाल्या खऱ्या, पण त्यांची भरपाई म्हणून मिठावर मणाला ८ आणे कर बसला. नाका रस्त्यावरून उठला आणि मिठागराच्या तोंडाशी जाऊन बसला. १८४४ साली हा कर एक रुपया करण्यात आला तेव्हा सुरतेत लोक खवळून रस्त्यावर आले, आणि सरकारला तो १२ आण्यांवर आणावा लागला. पुढे तो चढतच गेला. १८७७ च्या अखेरीस मुंबई इलाख्यात मणाला अडीच रुपये झाला. मीठ काढण्यास जो खर्च येई त्याच्या कितीतरी पट हा कर होता, आणि तो राजाला व मजुराला सारखाच होता. कारण राजा काही दहापट मीठ खात नाही.

इतका कर बसविला म्हणजे शेजारचे स्वस्त मीठ चोरून येणारच. ते अडविण्यासाठी इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानात सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांचे कुंपण व पहारे उभे केले. त्यातला मोठा भाग काटेरी झाडांच्या कुंपणाचा होता, आणि त्यावर सुमारे १२,००० माणसे राबत. पुढे सरकारच्या ध्यानात आले की, सीमा राखण्यापेक्षा मिठाचे मूळच हातात घेणे सोपे. १८७० च्या सुमारास जयपूर व जोधपूर संस्थानांकडून सांभर सरोवर भाडेपट्ट्याने घेण्यात आले, आणि १८७९ साली ते कुंपण सोडून देण्यात आले.

हाच धडा लगोलग दक्षिणेत गिरविला गेला. तेथे इंग्रजांचा शेजारी पुन्हा पोर्तुगीजच होता. आमच्या ठाण्याच्या साष्टीप्रमाणे गोव्यातही एक साष्टी आहे, आणि गोव्याच्या साष्टी, बारदेश, तिसवाडी, पेडणे या भागांत आमच्यासारखीच मिठागरे आहेत. त्या मिठावर इंग्रजी मुलुखाच्या मानाने कर नसल्यासारखाच होता, आणि घाट ओलांडून ते बैलांच्या पाठीवर कर्नाटक व महाराष्ट्राच्या पठारावर जाई. १८७८ च्या डिसेंबरात लिस्बन येथे इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात तह झाला आणि १८८० च्या जानेवारीपासून तो अंमलात आला. गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकात उठली. वरवर पाहता रिकार्डोचा विजय! पण त्याबरोबर गोव्यातील मिठाचे उत्पादन ब्रिटिशांच्या ताब्यात गेले, कर त्यांच्या दराने बसला, आणि याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळावयाचे ठरले. तहात रेल्वेचीही बोली होती. इंग्रज कंपनीने पोर्तुगीज सरकारच्या व्याजाच्या हमीवर मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग बांधला. तो १८८८ च्या सुमारास पुरा झाला.

या तहाचा हिशेब आमच्या पद्धतीने मांडला तर काय दिसते? ब्रिटिश सरकारला एकसारखा कर मिळाला. पोर्तुगीज सरकारला रोख रक्कम मिळाली. जे आगर बंद करावयाचे त्यांच्या मालकांसाठी भरपाईची तरतूद होती. आगरात पाय भाजून घेणाऱ्या माणसासाठी काय होते? काही नव्हते. त्याच्या रोजाचे काम गेले, आणि मासळी खारविण्यास लागणारे मीठ मात्र महाग झाले. मिठागर हे कापडाच्या दुकानासारखे नसते. आज बंद केले आणि बारा वर्षांनी फळ्या उघडल्या, असे तेथे होत नाही. दोन पावसाळे बांधाकडे पाहिले नाही तर बांध फुटतो, वाफ्यांत चिखल भरतो आणि तिवरे वाढतात. तहाची मुदत १८९२ च्या जानेवारीत संपली, तो पुढे चालू राहिला नाही, आणि सीमेवर नाके पुन्हा उभे राहिले.

बंगालची कथा याहून कठोर आहे. इंग्लंडला ताग आणि तांदूळ घेऊन गेलेली जहाजे परतताना रिकामी येऊ नयेत म्हणून त्यांत चेशायरचे मीठ भरले जाई. त्याचे भाडे नाममात्र पडे. त्या मिठापुढे बंगालचे मीठ टिकेना, आणि १८६३ सालापर्यंत सरकारने तेथील मिठाचे उत्पादनच आवरते घेतले. मलंगी उघडे पडले. ज्या देशाला तीन बाजूंनी समुद्र, त्याने हजारो मैलांवरचे, कोळशावर शिजविलेले मीठ खाल्ले! साधनसंपत्ती पाहून व्यापार ठरतो असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

१९३० च्या ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचलले आणि मे महिन्यात आपल्याकडे वडाळ्याला व गोव्याच्या सीमेलगत शिरोड्याला सत्याग्रही मिठागरांत शिरले. त्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा हा हिशेब होता. मिठावरील कर अखेर १९४७ साली रद्द झाला.

स्वराज्य आले तरी नाक्याचा प्रश्न संपला नाही. गोवा पोर्तुगीजांकडेच होता, आणि १९५५ साली भारताने त्याची आर्थिक कोंडी केली. रेल्वेची वाहतूकही थांबली. जो गोवा बेळगाव-सावंतवाडीच्या भाजीपाल्यावर जगत असे, त्याने बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून आणले. हे परवडले कशावर? लोखंडाच्या खनिजावर. त्याच काळात गोव्याच्या खाणींतून लाखो टन खनिज जपानकडे जाऊ लागले. पोर्तुगीज राजवट त्यामुळे काही वर्षे तगली. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. कोंडीचा हेतू न्याय्य होता याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण दोन्ही बाजूंच्या गरिबांना तिची झळ सोसावी लागली, हेही सांगितले पाहिजे. पलीकडच्या गावात मुलगी दिलेली होती, पलीकडच्या बाजारात भाजी विकली जात होती.

हे सारे साम्राज्यांच्या काळापुरते होते, असे कोणी म्हणेल. म्हणून हिमालयाकडचे एक उदाहरण देतो. तिबेटच्या पठारावर खाऱ्या सरोवरांचे मीठ विपुल, पण धान्य थोडे. नेपाळच्या दऱ्यांत धान्य, पण मीठ नाही. शतकानुशतके मेंढ्या आणि याक यांच्या पाठीवरून मीठ खाली येई आणि धान्य वर जाई. तेथेही कालीगंडकीच्या खोऱ्यात मिठाच्या जकातीचा मक्ता घेतलेले व्यापारी सधन झाले. १९५९ नंतर तिबेटची वाट आवळत गेली आणि भारताचे मीठ डोंगरात वर चढू लागले. त्याच्या वाटपासाठी नेपाळने १९६३ साली सॉल्ट ट्रेडिंग कॉर्पोरेशन काढले. पुढे १९८९ च्या मार्चमध्ये भारत-नेपाळ व्यापाराचे करार मुदत संपून बंद पडले, सीमेवरचे बहुतेक नाके मिटले आणि नेपाळात रॉकेलसाठी रांगा लागल्या. ज्या देशाला समुद्र नाही त्याच्या दृष्टीने शेजाऱ्याचा नाका म्हणजे घशावरचा हात असतो. या वेळी नाक्यावर आपण होतो, हे आपण विसरू नये.

आता पुन्हा घराकडे. देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ आज गुजरातेत होते, आणि भाईंदरची मिठागरे आकसत चालली आहेत. रेल्वेच्या पूर्वेला औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत स्टीलची भांडी होतात, आणि आमच्या संघटनेचे काम बरेचसे तेथेच आहे. चांगल्या स्टीलला निकेल लागते, आणि ते आपल्या देशात खाणीतून निघत नाही म्हटले तरी चालेल. इंडोनेशियाकडे ते विपुल आहे. त्याने २०२० च्या जानेवारीपासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली, कारण त्यावरचे कारखाने आपल्याच देशात व्हावेत ही त्याची इच्छा. त्याला दोष कसा द्यावा? आपणही कच्चा कापूस देऊन कापड विकत घेत होतो, तेव्हा याहून वेगळे काय मागत होतो? पण पत्र्याचा भाव चढला की गाळ्यातल्या पॉलिशवाल्याला सांगितले जाते की, यंदा मजुरी वाढणार नाही. आणि भाव उतरला की सांगितले जाते, मागणी नाही. तो बिचारा निकेलचे नावही ऐकून नसतो. मिठागरातला मजूर तर हंगामी. पाऊस पडला की त्याचे नाव हजेरीपटावरून धुऊन जाते.

व्यापार बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. जो मुलुख आपले सगळे आपणच पिकवीन म्हणतो, तो आपल्याच गरिबाला महाग खाऊ घालतो. आमचे मागणे एवढेच आहे की, शेजाऱ्याशी करार होताना रिकार्डोच्या गणितातील त्या ९० माणसांची नावेही कागदावर यावीत. कोणता धंदा आकसणार, त्यातील माणसे किती, त्यांना नवे काम शिकविण्याचा आणि मधल्या काळातील रोजीचा खर्च कोण देणार, हे कलम करारात असावे, आणि ते लिहिताना त्या माणसांचा प्रतिनिधी टेबलाशी बसलेला असावा. मालकाला भरपाई देण्याची बुद्धी १८७८ सालीही सुचली होती. मजुराच्या वाट्याचे कलम अजून लिहावयाचे आहे, आणि ते लिहून घेण्याचे काम आपल्यासारख्या गावोगावच्या नागरिकांचे आहे.